कारण : शंका

रात्रीचे अडीच. सिउदाद बोलिवार.
मुलांच्या वॉर्डातून ओमायरा तळमजल्यावर फोन करते :
आदोनायचा ताप सहाव्या दिवशीही हटत नाही.
वजन? मी विचारते.
चौदा किलो दोनशे.
खिसे तपासलेस?
पलीकडे शांतता, मग दबलेलं हसू.
पायजम्याच्या खिशात निघतो लोखंडी ट्रक,
तीनच चाकांचा.
तेरा किलो नऊशे.

मी आकडा खोडते, हिशेब पुन्हा मांडते.
हे औषध जास्त झालं तर
किंमत मूत्रपिंडं मोजतात.

कुपी गार आहे. तळाशी पिवळी पूड,
मक्याच्या पिठापेक्षा थोडी गडद.
मिठाचं पाणी याला चालत नाही, दूध नासावं तसं नासतं.
साखरेचंच पाणी हवं, लाडावलेल्या पोरासारखं.
उजेडही नको. तपकिरी पिशव्या मार्चमध्येच संपल्या,
म्हणून मी सलाइनभोवती गुंडाळते
कॉफीचं फाडून उलटं केलेलं पाकीट.
रात्रभर वॉर्डात कॉफीचा वास,
आणि प्यायला थेंब नाही.

रजिस्टरात तीन रकाने : सिद्ध, संभाव्य, शक्य.
सिद्धमध्ये वर्षभरात अकरा खुणा.
शक्यला पान पुरत नाही, समासात लिहावं लागतं.
‘कारण’ या शब्दापुढे डॉक्टर उर्बानेहा
लपेटदार अक्षरात लिहितो : शंका.

शंकेवर लोक नोकर काढून टाकतात,
दुसऱ्याची पत्रं फोडतात.
आम्ही एक बारीक शीर शोधतो, आणि ती सापडेपर्यंत
पोराला ढगांचे आकार विचारत राहतो
(छतावर ओल आहे, ढग भरपूर).

निल्सा, त्याची आई, मला जिन्यात गाठते.
बुरशी म्हणजे पावावर येते तीच?
जवळजवळ.
मग मी त्याला शिळा पाव दिला, त्यामुळे का?
नाही हो. शेजारची इमारत पाडतायत, ती धूळ;
किंवा हवा; किंवा काहीच नाही.
पांढऱ्या पेशी संपल्या की अंगाचाच पाव होतो,
हे मी गिळून टाकते.

चाळीस मिनिटांनी हुडहुडी.
दात वाजतात, कॉटचे गज वाजतात,
ट्रक फरशीवर पडतो.
निल्सा त्याच्यावर ओणवी होते, रजईसारखी,
आणि ओमायरा थेंब हळू करते.
थांबवत नाही. हळू करते.

नदी इथून चार गल्ल्यांवर.
म्हणतात, सत्तर वर्षांपूर्वी कुणी
ओरिनोकोकाठची मूठभर माती बाटलीत भरून नेली,
आणि तिच्यातल्या एका जिवाच्या विषातून हे औषध निघालं.
आता ते बोटीने येतं, खोक्यावर तीन देशांचे शिक्के,
महिन्याला चाळीस कुप्या, आल्या तर.
निल्साला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
माझा बाप त्याच गाळात जन्मभर
पाय रोवून मासे धरायचा. त्याला काही झालं नाही.
आणि मग जरा थांबून : म्हणजे त्यामुळेच?
मला उत्तर देता आलं नाही.

नवव्या दिवशी ताप उतरला. त्याच सकाळी
पांढऱ्या पेशीही वर आल्या, श्रेयाला वाटेकरी.
प्रयोगशाळेचा कागद दोन ओळींचा : काही उगवलं नाही.
मुळात नव्हतंच, की होतं ते मेलं,
याला रजिस्टरात रकाना नाही.
उर्बानेहा म्हणाला, थांबवू.
निल्सा म्हणाली, अजून दोन दिवस द्या ना.
तो खिडकीच्या चिकटपट्टीकडे बराच वेळ पाहत राहिला.
थांबवलं.

पोटॅशियम घसरलेलं. ती बाजारात केळी शोधतेय.

रात्रीचे पावणेतीन. पुन्हा फोन. चार नंबरची कॉट,
योर्हेलिस, अकरा किलो.
मी विचारायच्या आत ओमायरा सांगते :
खिसे पाहिले. फक्त एक बटण.
कारण?
ती काही बोलत नाही. मी लिहून टाकते.
फ्रिज उघडते, मोजते.
पाच.