हातचा एक

एका पौंडात चार. तीन पौंडांत बारा.
तेराव्या गोळ्याला डॅड म्हणतात, हातचा एक.
कुणी आलंच तर.

आमच्या रस्त्यावर, नेब्रास्काच्या या कोपऱ्यात,
कुणी येत नाही फारसं.
धान्याचा ट्रक जातो, धुरळा खाली बसायला वेळ घेतो,
मग पुन्हा क्रायचेकांचं घर
आणि चारी बाजूंनी मका.

खिमा थंड हवा. हात त्याहून थंड.
हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं,
नळाखाली माझी मनगटं धरून.
"मळायचं नाही, जेनेल. पीठ नाही ते.
नुसतं जवळ या म्हणायचं."
मीठ शेवटी, बाहेरून.
आणि मधोमध अंगठ्याने एक खळगा,
नाहीतर तव्यावर पॅटी चेंडूसारखी फुगते,
कडा करपतात, पोट कच्चं.

चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेले हात.
बर्फाच्या वादळात तारा जोडताना
जाड हातमोज्यातूनही न चुकलेले.
मार्चपासून थरथरतात.
आधी बशीवर कॉफीचा कप बोलला,
मग शर्टाची बटणं,
मग चेकवरची सही.
खिम्याला ते आज कळलं.
पहिली पॅटी तळव्यावरच भेगाळली,
दुसरीचा तुकडा ओट्यावरून खाली;
टूट्सीने तो काही न विचारता गिळला.

माझा लाल साचा कपाटात होता,
आठ डॉलरचा, अजून खोक्यात.
दांडा दाबला की एकसारखी, गोल,
कडेला बारीक नक्षी.
"शाळेच्या कँटीनमधलं जेवण," डॅड म्हणाले.

मग मी पीनट बटरच्या बरणीचं झाकण काढलं.
आईची युक्ती, दोन मेणकागदांच्या मध्ये.
त्यावर ते बोलले नाहीत.
आईच्या वस्तूंवर ते बोलत नाहीत.
पण झाकण बोटांतून निसटलं
आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं,
इतका वेळ, की आम्ही दोघं
ते थांबण्याची वाट बघत उभे.

"आण तुझा तो लाल राक्षस."

दांड्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले.
थरथर दांड्यात उतरली, साच्यात शिरली,
तिथेच कुठेतरी मुरली.
खटक.
बाहेर आली ती गुळगुळीत,
कुणाच्याच हातची नसलेली.
तिच्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं,
दुसऱ्याने मारलेली गाठ
खांबावर चढून तपासावी तसं.

मग अंगठा टेकवला.
एक खळगा पडायचा तिथे तीन पडले,
एकमेकांत घुसलेले,
ओल्या वाळूत चिमणी नाचून गेल्यासारखे.
मी काही म्हणाले नाही.
पुढची. खटक. तीन.
पुढची. खटक. या वेळी चार.

बिडाचा तवा, खिडकी उघडी.
चरचर सुरू झाली तसे
खळगे भरून येऊ लागले.
मांस आकसतं, मधलं वर येतं,
सातव्या वर्षापासून ठाऊक आहे मला.
त्यासाठीच तर खळगा करायचा.
तरी उलथनं घेऊन मी
एका पॅटीवर वाकून राहिले:
तीन, मग दोन,
मग चरबीचा एक उथळ थेंब,
मग सपाट.

"करपवशील," मागून आवाज.

रॉडनी मुलांना घेऊन उशिरा आला,
एकट्याने चार खाल्ल्या,
तोंड पुसत म्हणाला, "आज कुणाचा हात लागलाय?"
डॅडनी मोहरीची बाटली त्याच्याकडे सरकवली.
ती वाटेत आडवी झाली. कुणी उचलली, आठवत नाही.

तेरावी मी तव्यावर टाकलीच नव्हती.
सगळे गेल्यावर मेणकागदात गुंडाळली,
फ्रीझरमध्ये, मटारांच्या मागे.
डॅड दारात उभे.
"कुणी आलंच तर," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ मान हलवली,
हो म्हणून, की नुसतीच हलत होती.
"तारीख घाल तिच्यावर," म्हणाले.
"पेन्सिलने नको. थंडीत पुसते."