भेगेच्या टोकाला

मढे घाटातून उतरताना काहीच कळलं नव्हतं.
कळलं ते सोमवारी, वडगाव पुलाखाली,
स्टिअरिंग डावीकडे वळवलं की बॉनेटखालून
कोणीतरी सुपारी फोडल्यासारखं कट्‌ वाजायचं.
चिखलाचा थर खरवडला, तारेचा ब्रश मारला,
तर चासीवर, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टाशेजारी
केसाएवढी भेग.
सत्त्याण्णवची जिप्सी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

अण्णा म्हणाले, गॅरेजला नको.
तो भेगेवरून रॉड ओढेल, काळा रंग मारेल, हजार घेईल,
आणि पुढच्या घाटात ती शेजारून फुटेल.
आधी भेग कुठे संपते ते बघ.
रॉकेल सोड, पुसून घे, वर खडू घास.

मी खडू घासला.
जरा वेळाने पांढऱ्यावर ओलसर रेघ उमटली,
मला दिसली होती त्याहून बोटभर लांब.

तिच्या टोकाला तीन एमएमचं भोक पाड.
भेग टोकदार असते तोवर चालत राहते.
टोक गोल केलं की तिला कळत नाही कुठे जायचं.
एकतीस वर्षं भोसरीत प्रेसच्या बॉड्या जोडलेला माणूस
हे असं सांगतो,
जसं डब्यात आज काय आहे ते सांगावं.

भवानी पेठेत मुर्तझाभाईंनी चार एमएमची पट्टी कापून दिली,
चौकोनी. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला.
शंकरपाळ्यासारखी काप.
उभा जोड दिलास तर ताण सगळा
एका रेषेत येऊन थांबतो, रेशनच्या रांगेसारखा.

मशीन कुदळ्यांच्या ओंकारकडून आणलं,
इन्व्हर्टरवालं, टिफिनच्या पिशवीएवढं.
अण्णांनी ते एका हाताने उचलून पाहिलं
आणि काही बोलले नाहीत.

बॅटरीच्या वायरी काढल्या.
पेट्रोलची टाकी उतरवून गल्लीच्या टोकाला नेली.
ओलं गोणपाट, वाळूची बादली.
वर आईने फॉल-पिकोचं मशीन थांबवून खिडकी लावून घेतली.

मोतीबिंदू काढून बारा दिवस झालेले,
ठिणगीकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं.
अण्णा काळा चष्मा लावून प्लास्टिकच्या खुर्चीत
भिंतीकडे तोंड करून बसले, शिक्षा झालेल्या मुलासारखे,
आणि कानांनी वेल्डिंग करू लागले.

फटफटतंय. रॉड लांब धरलायस.
चिकटला ना? करंट वाढव. थोडाच.
आता बघ…
हां. कांदा पडला तेलात. हाच आवाज. असाच ने.
थांब! दोन बोटं झाली. आता पलीकडची कड घे.
एकाच जागी तापवलीस तर चासी वाकडी होईल.

जिन्यावरून आई: आधी कच्चा टाका, मग टीप,
हे मी सांगते तेव्हा कोणी ऐकत नाही.

काचेआड मला फक्त एक हिरवं डबकं दिसत होतं
आणि त्याच्या काठाने सरकणारा हात, बहुधा माझाच.
धायरी नव्हती. नऱ्ह्याकडे जाणारे ट्रक नव्हते.
काच वर केली की सिंहगडाच्या टॉवरसकट
सगळं परत जागेवर.
अण्णांना मात्र समोरच्या भिंतीवर
स्वतःची सावली दिसली असणार,
निळी, छपराएवढी,
माझ्या प्रत्येक टाक्याला दचकणारी.
तिच्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत.

शेवटच्या कडेचा स्लॅग हातोडी लागायच्या आधीच
खपलीसारखा उचलला गेला
आणि फरशीवर पडून टिणकन वाजला.

आपोआप निघाला?
हो.
सगळा?
सगळा, मी म्हणाले.
कोपऱ्यातला हातोडीने हलकेच काढावा लागला होता,
आणि तिथे सुईच्या नेढ्याएवढं एक छिद्र राहिलं होतं.

ते उठले. खुर्ची उचलून आत निघाले.
दारात म्हणाले,
ते छिद्र घासून परत भर.
आज नको. आज गार होऊ दे.