अर्ध्या वाडीला जाळं

मंगळवारी गेली ती तलंग,
अजून अंड्यावर आली नव्हती.
बोरीखाली पाच-सहा पिसं, रक्त नाही.
पक्षी इथला, नाव ठाऊक नाही. मी घारच म्हणतो.

अर्बाब म्हणाले, कोंडून ठेव.
पण कोंडलेल्या कोंबडीचा बलक फिका पडतो
आणि न्याहारीला त्यांना पिवळाधमकच लागतो.

मग मोतालेबला घेऊन सीबच्या किनाऱ्यावर गेलो.
कोळ्यांनी टाकलेलं जाळं आणलं,
खारट, शिंपल्यांसकट,
खजुरांना ताणून बांधलं.
पुरलं अर्ध्या वाडीला.
उरलेल्या अर्ध्यावर जुन्या सीडी लटकवल्या,
कुणाच्या तरी लग्नाच्या.
लांबून पताका वाटतात.
इथे ओळखपत्रालाही आम्ही पताकाच म्हणतो,
माझी रमजानच्या आधी संपते.

खरी राखण कोंबड्याची.
एक डोळा दाण्यावर, एक वर.
काही दिसलं की बारीक, लांब सूर लावतो,
डालग्यातली खुडूकसुद्धा गप्प होते.
बाकीच्या खुराड्याकडे नाही पळत,
जवळ असेल तिथे शिरतात :
बोरीत, टाकीखाली,
एक तर माझ्या लुंगीत.

विमानं मात्र त्याने कधीच सोडून दिली.
मस्कतला उतरणारी, चाकं बाहेर काढलेली,
केवढी सावली सरकते वाडीवरून!
तो टिपत राहतो.

मान मीच वर करतो.
आज साडेचारचं जरा उशिरा आलं,
शेपटीवरचा रंग ओळखू येईना,
बघत राहिलो

आणि तो ओरडला.

मोजल्या. अकरा.
टाकीखाली वाकून परत मोजल्या.