सात इंच

रावपुऱ्यात, टॉवरपासून दोन दुकानं सोडून,
निकुंजभाई स्क्रीन माझ्याकडे वळवतात.
"जुओ बेन, साधी सीट एकतीस इंच.
ही वरची, अडतीस.
जाऊन-येऊन माणशी एक लाख बारा हजार जास्त."
मी मनातल्या मनात भागाकार करते.
इंचाला सोळा हजार.
दांडिया बाजारात जागासुद्धा या भावानं नाही.

अठ्ठावीस वर्षं मकरपुऱ्याच्या कारखान्यात
मी बॉयलरच्या नळ्यांची ड्रॉइंगं काढली.
सात इंच म्हणजे काय, मला कुणी सांगू नये.
सात इंचांत हात कोपरापर्यंत आत जातो,
व्हॉल्व्ह फिरवून, न भाजता, बाहेर येतो.
कमी पडले तर फिटर शिव्या देतो,
आणि त्या शिव्या रास्त असतात.

ढमढेरे वहिनी एकदा जाऊन आल्या वरच्यातनं.
म्हणाल्या, "काही नाही हो,
मधे एक पडदा येतो
आणि पाणी काचेच्या पेल्यात."
मग जरा थांबून,
"पण पाय नाही सुजले."

रात्री मी जेवणाच्या खुर्च्या ओळीत मांडल्या.
पाठीपासून पाठीपर्यंत, टेप लावून, एकतीस.
यशवंत बसले. उजवा गुडघा मागच्या वर्षी बदललेला,
डावा अजून जुनाच.
घडीचा पलंग मिटावा तसे मिटले.
"मस्त आहे," म्हणाले,
"दाहोदहून एसटीत उभ्यानं यायचो मी."
पंचवीस वर्षांचे होते तेव्हा.
मी दिवा मालवला. विमानात मालवतात म्हणून.
"कुठवर आलो?"
"आत्ताशी कच्छचं रण."
"जेवण कधी देतात?"

टोरांटोहून मृण्मयीचा फोन.
"आई, घेऊन टाक ना वरची, मी भरते पैसे."
'भरते' म्हणताना तिचा आवाज किंचित उंच झाला.
लहानपणी रिपोर्ट कार्ड दाखवताना व्हायचा तसा.
जावयांच्या नोकरीचं ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.
लीलो चेवडा किती किलो आणू, एवढंच विचारलं.

परत येऊन बसले तर यशवंतांना डुलकी लागलेली.
डोकं माझ्या खांद्यावर.
ब्रोशरमधल्या चित्रात
दोन मोठ्या खुर्च्यांमध्ये एक रुंद फळी आहे,
तिच्यावर दोन पेले, आणि हसणारी दोन माणसं
आपापल्या खिडकीकडे, आपापल्या पडद्याकडे.
खांदा फळीपलीकडे पोचत नाही. मी मोजलं.
चाळीस मिनिटं हलले नाही.
हाताला मुंग्या आल्या, बोटं गार पडली,
आणि टोरांटो अजून साडेपंधरा तास लांब.
कशाचंच उत्तर मिळालं नाही त्यातून,
फक्त सकाळी मान आखडली होती.
माझी. त्यांची नाही.

"जाताना साधी," मी निकुंजभाईंना म्हटलं,
"येताना वरची."
त्यांची बोटं थांबली.
"लोको ऊंधुं करे छे, बेन.
जाताना ऐट, येताना काटकसर."
करोत.
जाताना माझ्या मांडीवर पिशवी असेल,
पिशवीत चेवडा, बाळंतविडा, झबली,
आणि दाराशी कोण उभं असेल
ते यशवंतांच्या जुन्या गुडघ्यालाही ठाऊक असेल.
येताना मांडी रिकामी.
रिकाम्या मांडीला जागा जास्त लागते,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
कार्ड दिलं. आकडा पुन्हा एकदा बघितला.
पोटात खड्डा पडला तो पडलाच.

बाहेर रिक्षा केली.
टेप पर्समध्येच होता.
सीटच्या पाठीपासून पुढच्या दांड्यापर्यंत, बावीस.
रिक्षावाला आरशात बघत होता.
"शुं मापो छो, माशी?"
"काही नाही," म्हटलं, "चला."
सुरसागरापर्यंत मी पाय आखडूनच बसले होते.
आणि घर आलं तेव्हा
त्यानं नेहमीचेच पन्नास घेतले.