काळ्या हंसाची सराई

मोडीला र्‍हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही,
कारकुनाला तर कुणाचंच नव्हतं.
कानावर पडलं ते त्याने लिहून टाकलं:
तामस हारबे, वस्ती खडकी, धंदा सराई.

मी पानाला साठ रुपये घेते
आणि लिहिलंय तेवढंच वाचते.
तरी या नावाशी थबकले.
तामस हे आमच्याकडे नाव नसतं,
स्वभाव असतो.

टेबलापलीकडे एस्तेर गायसमुद्रे, निवृत्त नर्स,
मांडीवर कागदांची पिशवी, जणू तान्हं मूल.
शेजारी बिल्डरचा वकील,
दर दोन ओळींनी घड्याळ बघणारा.

वाचा, म्हणाल्या.

मुलूख लिंकणशेर.
(शेर म्हणजे इथे वजन नव्हे, मी सांगितलं. वकील हसला नाही.)
बाप जोडे शिवी. शेत दुसऱ्याचं.
तिथून आस्त्रेलियात, सोनं खणायला.
सोनं निघालं, पण शेजारच्या खड्ड्यात.
मग नदीकाठी खाटा टाकल्या, दारू ठेवली,
दोन वर्षं बरी गेली, तिसऱ्या वर्षी
नदीच सराईत उतरली
आणि भाडं न देता निघून गेली.

तेव्हा फौजेचे घोडे मुंबईस येत होते.
तो त्यांच्यासोबत आला, खरारा करत, शेण काढत.
बेचाळीस चढवले, एकतीस उतरले.
अकरांची नावं त्याने सांगितली असणार,
इथे शाई अडखळते.
कारकुनाने लिहिलं: अकरा नग.

होळकर पुलाच्या अलीकडे जागा घेतली.
पाटी रंगवायला कसब्यातला जिनगर बोलावला.
काळा हंस काढ, म्हणाला.
जिनगर म्हणाला, असा नसतो.
साहेब म्हणाला, मी पाहिलाय.
मग जिनगराने सरस्वतीचा हंस काढला
आणि देवीची क्षमा मागून
त्याला काजळ फासलं.
खर्च सव्वा रुपया, क्षमेचे वेगळे चार आणे.

उधारीचं पान लांब आहे.
सार्जंट डासन: अंडी चौदा, ब्रांडी, खिडकीची काच. बुडीत.
रेल्वेचा ठेकेदार: मटण, भात, तीन रात्री. बुडीत.
आजारी पाद्री: कांजी. घेऊ नये.
सुंद्राच्या लसणाच्या चटणीचे पैसे कुठेच लावलेले नाहीत,
गोरे ती खाऊन रडत
आणि आणखी मागत, एवढीच नोंद.

एस्तेरबाई पुढे सरकल्या.
हीच, म्हणाल्या. आमची.

सुंद्रा माझे घरी बावीस वर्षे आहे.
सराई, विहीर, तबेला तिचे नावे.
'आहे'च्या आधी एक शब्द होता,
लिहून खोडलेला.
मी भिंग लावलं, कागद उजेडाला धरला.
पहिलं अक्षर ब.
बायकोतला ब,
की बटकीतला?
मोडीत दोन्ही सारखेच. मराठीतही.
साठ रुपयांत याचं उत्तर बसत नाही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला नाही.
राहू द्या, म्हणाल्या. पुढे?

पुढे एकच अट:
एकतिसांपैकी एक घोडी उरली आहे, आंधळी.
ती जिवंत आहे तोवर
जागा कोणी विकू नये, गहाण टाकू नये,
तिची विहिरीची वाट कोणी अडवू नये.

वकिलाने पहिल्यांदाच पेन उघडलं.
घोडी मेल्याची नोंद?

मी शेवटचं पान उलटलं, पाठपोट पाहिलं,
आंबट वासाची बांधणी बोटाने चाचपली.
नाही.

म्हणजे?

म्हणजे काही नाही, मी म्हटलं,
लिहिलंय तेवढंच मी वाचते.
मग दाखल्यावर शिक्का मारला,
मोडीवरून खरी नक्कल,
आणि एस्तेर गायसमुद्रे जिना उतरताना
कुणाला तरी वाट द्यावी तशी
भिंतीला सरकून उतरल्या.