ऋण

बावीस वर्षं एकाच बाकावर बसलो, सुमंतदादा.
"सलाम" म्हणायचो. हसायचो.
बाबांचे दोन माग तू परस्पर विकलेस,
त्याबद्दल ब्र काढला नाही.
फक्त झोपेत दात खायचो.
रिबका म्हणायची, जंत असतील.

प्रार्थनेत ऋण सोडायची ओळ आली
की नुसते ओठ हलवायचो.

परवा अशोक चौकात, रणरणत्या उन्हात
तू सायकलला चादरींचा गठ्ठा बांधत होतास.
दोरी पुरेना.
मी दुसरं टोक ओढून धरलं. एवढंच.
"गाठीवर बोट ठेव" म्हणालास,
बाबांच्याच आवाजात.

आज ती ओळ म्हटली मी,
सगळ्यांच्या "आमेन"नंतर, एकटाच.
पाळकांनी वर पाहिलं.
प्रभू, तू ऐकलंस ना?

दुपारी झोपलो.
रिबका म्हणते, आवाज नव्हता.
पंख्याचा तेवढा.