खिडकी क्रमांक तीन

मासेमारीच्या परवान्यांची रांग दोन नंबरला.
तीनवर मी एकटीच,
हातात एका पानाचं पत्र:
आमच्या अकरा जणांच्या मंडळानं
मार्गिटच्या गॅरेजात, मेणबत्ती लावून,
मला पुरोहित केल्याचं.
खाली अकरा सह्या. एकीवर कॉफी सांडलेली.

काचेआडच्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला.
"पंथ?"
रकाना बोटभर.
आम्ही चंद्राच्या तिथी पाळतो,
चार दिशांना हाका मारतो,
आणि मग ज्यानं त्यानं आणलेलं मिळून खातो,
हे कुठं मावणार त्यात?
लिहिलं, 'पेगन'.
"प्रार्थनास्थळाचा पत्ता?"
टेकडीला घरनंबर नसतो.
गॅरेजचा दिला.

एकोणीस वर्षं मी हात बांधत आलेय.
तळ्याकाठी, मक्याच्या शेतात,
एकदा तर हिमवादळात अडकून
पेट्रोलपंपाच्या छताखाली.
मनगटावर मनगट, वरून दोरी,
एक वर्ष आणि वर एक दिवस, असा शब्द,
मग झाडूवरून उडी.
आणि शेवटी मी हसत सांगायची,
"सोमवारी कोर्टात जाऊन ते कागदाचं उरकून घ्या."
जणू कागद म्हणजे
जेवणावळीनंतरची भांडी.

ओडेल आणि रुथान गेलेच नाहीत.
त्या सोमवारी ट्रकचं टायर बसलं,
पुढच्या सोमवारी गाय व्याली,
असे सहा वर्षांचे सोमवार.
मार्चात तळ्यावरचा बर्फ दगा देतो
हे ओडेलला माहीत होतं.
इथं सगळ्यांनाच असतं.

डलुथच्या इस्पितळात नर्सनं विचारलं,
"तुम्ही त्यांच्या कोण?"
रुथाननं मनगट पुढं केलं.
मनगटावर काहीच नव्हतं.
दोरी घरी, पिठाच्या डब्यामागे.
राख भावानं नेली फार्गोला. ट्रकही.
माणूस वाईट नव्हता तो.
त्याच्याकडे कागद होता, एवढंच.

तिनं मला बोल लावला नाही.
लावला असता तर मीही काही बोलले असते.
फक्त एकदा दोरी घेऊन दारात आली:
"ही कुठली गाठ मारली होतीस ग?
ओढल्याबरोबर सुटली."

माझा बाप लोखंडाच्या मातीच्या बोटींवर होता.
त्यानं शिकवलेलं,
पुन्हा सोडायचंय तिथं सुरगाठ,
वादळ येणार असेल तिथं निरगाठ.
मी माणसांना सुरगाठच मारत आले.
वाटायचं, प्रेमाला काच नको,
सरकारचा तर नकोच नको.
वादळ मी धरलंच नव्हतं.

"रोख की कार्ड?"
रोख. सुटे मोजून.
शिक्का एवढ्या जोरात बसला
की दोन नंबरचा टोपीवाला वळून बघायला लागला.
बाईंनी कागद सरकवला, पण बोट उचललं नाही.
"माझी भाची आहे. चर्च नको म्हणते.
पावसात करता का तुम्ही?"
"पावसातही करते," मी म्हटलं,
"आधी तुमच्या खिडकीवर यायला सांगा."

सप्टेंबरात पहिलं लावलं, सरकारमान्य.
आयलीफ आणि डोरीन,
दोघांच्या मनगटांवर माझी निळी दोरी.
ती सोडायच्या आधीच
बर्चच्या बुंध्यावर कागद पसरला.
वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड,
म्हटलं तर चार दिशा.
बांधलेल्या हातांनी सह्या वेड्यावाकड्या आल्या.
माझीही तशीच आली,
माझे तर हात मोकळे होते.

साक्षीदार रुथान.
तिनं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं,
पेनाला टोपण लावलं,
आणि पुढं होऊन
दोरीचं टोक ओढून पाहिलं.